डोहाळे हिला, पथ्य मला

हिला सातवा लागला. आज पहाटे मावळ्याच्या तलावापर्यंत चालून आलो; पौषातलं आदिलाबाद माणसाला गोधडीबाहेर पडू देत नाही, तरीही. हिला अंगणवाडीत आरोग्यलक्ष्मीचं जेवण मिळतं: भात, डाळ, अंडं, 200 मिली दूध. 2015 पासूनची योजना. बापासाठी कुणी काही योजलेलं नाही, आणि गरजही नाही म्हणा. ज्वारीची भाकरी घरात आहेच. खरी अडचण बिडीची. अंगणात ओढली तरी धूर सदऱ्याला चिकटून घरात येतो, आणि दुसऱ्याच्या बिडीचा धूरसुद्धा पोटातल्या बाळाचं वजन घटवतो. आई हसते, "डोहाळे हिला, पथ्य तुला!" हसू दे. बाप होणाऱ्यांनो, बिडी अंगणात नेऊ नका. पानटपरीवरच सोडून या.