मुळावर आलेली सोय

नकार कोणालाच आवडत नाही, आणि तो यंत्राने दिला तर जरा अधिकच झोंबतो. आम्ही दोघे राजापुरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वये चाळिशीच्या पुढची, शिक्षण एम. ए. मराठी, संगणकाचे ज्ञान पडत-धडपडत मिळवलेले. दुसऱ्या विभागाने निकालात काढलेला एक संगणक काही वर्षांपूर्वी आमच्या वाट्याला आला, तेव्हा त्यावर उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती चढवली. ती फुकट मिळते हे तिचे आम्हांला कळलेले पहिले माहात्म्य. मुक्त प्रणालीचे तत्त्वज्ञान पुढे सवडीने वाचले.

त्या संगणकावर एक ठेव होती. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी आमचे विद्यार्थी दरवर्षी ओणी, पाचल, आडिवरे, नाटे अशा गावांतून हिंडत आणि जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, देवापुढची गाऱ्हाणी ध्वनिमुद्रित करून आणत. प्रत्येक तुकडीचे खाते वेगळे, तिचे फोल्डर वेगळे. पाचलकडच्या एका आजींनी २०१६ मध्ये सलग दोन दुपारी ओव्या सांगितल्या होत्या. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी त्या गेल्या. ज्या मुलीने ते मुद्रण केले, तिने आपल्या फोनमधली प्रत पुसली होती. कारण ‘सरांच्या संगणकावर आहे’ ही तिची खात्री होती.

आता नकाराविषयी. नवा टंक सर्वांसाठी बसवायचा, छपाईयंत्र जोडायचे, एखाद्या तुकडीच्या फायलींची नावे सुधारायची, असे काहीही करू गेले की पडद्यावर उमटे : ‘परवानगी नाकारली’. लिनक्समध्ये सर्वाधिकार एकाच खात्याकडे असतात आणि त्याचे नाव ‘रूट’, म्हणजे मूळ. या खात्याला कोणतीही फाइल उघडता येते, बदलता येते, पुसता येते. उबुंटू मात्र ते खाते मुळातच कुलूपबंद ठेवते. ज्याला कारभार करायचा त्याने आपल्याच खात्यातून ‘सुडो’ या आज्ञेने, स्वतःचा पासवर्ड देऊन, तेवढ्या कामापुरता अधिकार उसना घ्यायचा. काही मिनिटांनी तो आपोआप संपतो आणि पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो. दिवसातून दहादा असे अर्ज करणे आम्हांला कारकुनी वाटू लागले. विभाग आमचा, यंत्र आमचे. मग परवानगी मागायची ती कोणाकडे?

एका माजी विद्यार्थ्याने युक्ती सांगितली. रूटला पासवर्ड द्यायचा, मग प्रवेशपडदा सांभाळणाऱ्या ‘जीडीएम’च्या मांडणीत रूटला प्रवेशाची मुभा देणारी एक ओळ घालायची, आणि ओळख तपासणाऱ्या ‘पॅम’च्या फायलीत ‘रूट सोडून इतर कोणीही’ अशा अर्थाची जी ओळ असते, तिच्यामागे एक खूण लावून ती निकामी करायची. पाच मिनिटांचे काम. सांगणाऱ्याने बजावलेही होते, की सर, काम झाले की पूर्ववत करा. आम्ही मान डोलावली आणि पूर्ववत केले नाही.

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले. कोणी अडवेना. अडवले ते फक्त दोघांनी. गाणी वाजवणाऱ्या ‘व्हीएलसी’ने, मी रूटच्या नावाने चालणार नाही, असे सांगून आजींच्या ओव्या ऐकवण्यास नकार दिला, ‘क्रोम’नेही दार उघडले नाही. आम्हांला तो उद्धटपणा वाटला. दुसरा वाजवणारा मिळाला, दुसरा ब्राउझर मिळाला. आपल्याला शहाणपण शिकवणाऱ्यांच्या जागी होयबा आणून बसवणे किती सोपे असते, हे आम्ही वर्गात कादंबऱ्यांच्या निमित्ताने पुष्कळदा सांगितले आहे.

२०१९ च्या डिसेंबरात डिस्क भरली. जुन्या तुकड्यांची फोल्डरे बाहेरच्या डिस्कवर उतरवली आहेत, असा आमचा समज होता. पाच फोल्डरे निवडली आणि कायमची पुसण्याची कळ दाबली. ‘खरेच पुसायचे?’ असे यंत्राने विचारले. आम्ही सवयीने ‘होय’ म्हटले. विचारणे आणि अडवणे यांत केवढे अंतर आहे, ते तेव्हा कळले. आमच्या नेहमीच्या खात्यातून तीच कळ दाबली असती, तर ती फोल्डरे आमची नव्हेत म्हणून यंत्र हललेही नसते. बाहेरच्या डिस्कवर पाचांपैकी दोनच होती.

या प्रसंगानंतर आम्ही जरा वाचन केले. रूटच्या नावाने चित्रमय पडदा उघडला की फाइल-व्यवस्थापक, चित्रांच्या छोट्या प्रती काढणारा, पीडीएफ दाखवणारा, ब्राउझर, असे डझनावारी कार्यक्रम त्याच अधिकाराने चालतात. त्यांपैकी एकात दोष असला आणि कोणी विषारी फाइल पाठवली, तर सारा संगणक तिच्या हाती जातो. जुन्या ‘एक्स’ पद्धतीत तर एका खिडकीला दुसऱ्या खिडकीत टंकलेली अक्षरे चोरून ऐकता येत. ‘वेलँड’ने तो धोका पुष्कळ कमी केला, पण रूटचे बळ कमी केले नाही. शिवाय त्या खात्यातून केलेल्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला स्वतःचाच निबंध सुधारता येत नाही. आणि आम्ही दोघेही ‘रूट’ म्हणून बसत असल्याने ती कळ कोणी दाबली हे नोंदवहीवरून कळत नाही. सुडोच्या नोंदीत माणसाचे नाव राहते. आज आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते सौजन्याने नव्हे. खरोखरच सांगता येत नाही.

राजापूरकराला हे कळायला परदेशी ग्रंथ नको होते. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात इथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरच्या मदतीला गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर तोफगोळे टाकले गेले. एरवी ती एका व्यापाऱ्याची आगळीक ठरली असती. निशाणामुळे ती कंपनीची झाली. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार गेली, रेव्हिंग्टनसह इंग्रज कैदेत पडले, आणि भरपाईची बोलणी १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंत रेंगाळली. रूटच्या पडद्यावरचा क्षुल्लक कार्यक्रमही असेच धन्याचे निशाण घेऊन हिंडतो. त्याची चूक त्याची राहत नाही. उलट महाराजांच्या गडांवर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तिघे सारख्या योग्यतेचे अधिकारी असत, हे सभासदाच्या बखरीने सांगितले आहे. गड एकाच्या लहरीवर जाऊ नये, एवढाच त्यातला हिशेब.

यावर एक आक्षेप रास्त आहे. घरच्या संगणकावर एकट्याने काम करणाऱ्याचे सर्वस्व त्याच्याच खात्यात असते. त्याची पत्रे, त्याची छायाचित्रे तो रूट न होताही गमावू शकतो. खरे आहे. सुडो आपल्याला आपल्यापासून फारसे वाचवत नाही. पण ते दुसऱ्यांना आपल्यापासून वाचवते, आणि आमचा संगणक मुळी आमचा नव्हताच. पाच तुकड्यांची मुले आणि त्यांनी ऐकलेल्या कितीतरी बायका त्यात राहत होत्या. सुडोचा जन्मही १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात, संगणकशास्त्राच्या विभागातच झाला, हे वाचून आम्हांला नवल वाटले नाही. पुष्कळ प्रणालींवर ते पहिल्यांदा वापरणाऱ्याला तीन गोष्टींची समज दिली जाते. त्यांत पहिली आहे ती दुसऱ्यांच्या खासगीपणाचा मान राखण्याची. आज्ञा टंकण्याआधी विचार करण्याची दुसरी.

डिस्क जुन्या धाटणीची, फिरत्या तबकडीची होती. आम्ही ती लगेच बंद केली, म्हणून ‘फोटोरेक’ने बरेच काही वर काढले. पण ते साधन फायलींची मूळ नावे परत देत नाही. गाणे हाती आले; गाव, गाणारी, तारीख गेली. त्या वर्षीची नाताळची सुट्टी आम्ही माजी विद्यार्थ्यांना बोलावून एकेक आवाज ओळखण्यात घालवली. पाचलच्या आजींची एक दुपार सापडली. ती मुलगी पहिल्याच ओळीला म्हणाली, “ह्याच त्या, सर.” दुसरी दुपार अजून सापडलेली नाही.

रूटचे खाते आम्ही पुन्हा बंद केले, त्या दोन्ही ओळी पूर्ववत केल्या, आणि प्रती दोन ठिकाणी ठेवू लागलो. ‘परवानगी नाकारली’ हे शब्द पडद्यावर अजूनही उमटतात. आता आम्ही चिडत नाही. ज्या फाइलीला हात लावत आहोत, ती कोणाची आहे हे आधी पाहतो.