पारख

निवडीचे स्वातंत्र्य ही मोलाची गोष्ट आहे, असे राज्यशास्त्राच्या तासाला आपण ऐकतो. परंतु ज्याच्या गाठीला एकदाच खरेदी होईल एवढेच पैसे असतात, त्याला हे स्वातंत्र्य ओझ्यासारखे वाटते. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मला त्याचा प्रत्यय आला, आणि तोही एका ग्राफिक्स कार्डाच्या निमित्ताने!

कलाशाखेच्या विद्यार्थिनीला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमच्या घरी एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स चालते. त्याला दाम पडत नाही. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहावयास घेतला. धाकटी बहीण दहावीला आहे. शिकवणी परवडत नाही, म्हणून ती पेनड्राइव्हवर आणलेले धडे पाहते. पण एचडी चित्रफीत लावली की चित्र अडखळे, आवाज पुढे धावे, आणि फळ्यावरचे गणित मागेच राही. आईने बचतगटातून तीन हजार रुपये उचलले नि माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "तू शिकलेली. तूच बघ."

मग मी वाचू लागले. एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. आणि अशी पंचवीस चित्रे एका सेकंदात सरकतात. एवढे सगळे जसेच्या तसे साठवणे अशक्य. म्हणून प्रत्येक चित्र पूर्ण न ठेवता, आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच बहुतांशी टिपतात. फळा तोच, भिंत तीच. हलला तो सरांचा हात. ही घडी घालण्याच्या पद्धती निरनिराळ्या. एच.२६४ ही २००३ ची, तर एचईव्हीसी ही २०१३ ची. बहिणीचे धडे दुसऱ्या पद्धतीचे होते. ही घडी उलगडताना आमच्या जुन्या प्रोसेसरला धाप लागे. कार्डात त्यासाठी वेगळा भाग असतो. तो असला की प्रोसेसर मोकळा.

जुन्या मालाच्या दुकानात तीन कार्डे माझ्या ऐपतीत होती. जीटी ७१० सर्वांत स्वस्त. पण त्याला एचईव्हीसी उलगडता येत नाही, तेव्हा ते बाजूला पडले. जीटी १०३० आणि आरएक्स ५५० ही दोन्ही २०१७ ची, दोघांनाही ते येते. दोघांनाही वीज थोडी लागते, निराळी तार जोडावी लागत नाही. उलट जीटी १०३० ला व्हीपी९ ही आणखी एक पद्धतही येते. पारडे तिकडेच झुकत होते.

आमचे अण्णा शाळेत चौथीपर्यंतच गेले; पण बैलबाजारात त्यांना कोणी फसवू शकत नाही. दात, खूर, चाल पाहिल्याशिवाय ते दावे हाती घेत नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पोरी, उद्या हे अडलं, तर सोडवनार कोन?"

त्या एका प्रश्नाने निवाडा केला. लिनक्सवर जीटी १०३० कडून हे काम करून घ्यायचे तर एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. कंपनीने त्याकडे पाठ फिरवली की आपण अडलो. जीटी ७१० ज्या ड्रायव्हरवर चालते, त्याची देखभाल २०२४ साली थांबलीच. एएमडीचा अशा कार्डांचा ड्रायव्हर मात्र २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि तो कोणालाही वाचता, दुरुस्त करता येतो.

मी पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन गेले आणि दुकानदाराला आरएक्स ५५० आपल्या संगणकात लावावयास सांगितले. 'व्हीएइन्फो' ही आज्ञा दिली. कार्डाला काय काय येते, त्याची यादी पडद्यावर उमटली. तीत एचईव्हीसी होते. मग बहिणीचाच एक धडा लावून पाहिला आणि नंतरच पैसे मोजले. दुकानदार हसला, "ताई, एवढं कोणी बघत नाही हो!"

बघत नसतील. ज्यांच्या घरात विचारायला कोणी शिकलेले असते, त्यांना कदाचित बघावेही लागत नसेल. आमच्यासारख्यांना दात मोजूनच घ्यावे लागतात. मात्र ते मोजायची रीत पुस्तकातच सापडते असे नाही, हे मला त्या दिवशी उमगले. माहिती मी मिळवली होती. प्रश्न अण्णांचा होता.