मोसुलची झारी

लंडन, गुरुवार रात्र

आप्पा,

बोटं गारठलीत, डोळे मिटताहेत, पण तुमच्या पत्रातला मुद्दा डोक्यातून जात नाही. तुम्ही म्हणता, पितळेत चांदी बसवणं ही चांदीची भांडी न परवडणाऱ्यांची सोय. ब्रिटिश म्युझियममधली मोसुलची पितळी ब्लाकास झारी पाहता हे पटत नाही. अकराव्या-बाराव्या शतकात इस्लामी जगात चांदीची टंचाई होती, हे मान्य. त्यातून ही कला वाढलीही असेल. पण चांदीचा नुसता भास हवा असता, तर शेजारी लालभडक तांबं कशाला बसवलं असतं? इथे पिवळा, पांढरा, लाल असे तिन्ही रंग एकमेकांना उठाव देतात. निव्वळ चांदीच्या झारीत ते साधत नाही. झारीवरची, उंटावरच्या अंबारीत बसलेली बाई बघा. आकार पितळेत कोरून घ्यायचा, कडा आतून किंचित कापायच्या, त्यात चांदीचा पत्रा ठोकून बसवायचा आणि मग त्या नखाएवढ्या चांदीवर बारीक छिन्नीने चेहरा, वस्त्राच्या चुण्या उमटवायच्या. काटकसर करणारा एवढी मेहनत कशाला घेईल? आपल्या बिदरी फुलदाणीला तरी कोण चांदीची नक्कल म्हणतं?

शिवाय झारीच्या गळ्यावर कारागिराने नाव घातलंय : शुजा इब्न मना अल-मौसिली, मोसुल, रजब, हिजरी ६२९, म्हणजे इ.स. १२३२. त्या ओळीचा पहिला शब्द ‘नक्श’, आपल्या ‘नक्षी’चं मूळ. हेरातच्या ११६३च्या बादलीवर तर ओतकाम करणाऱ्याचं नाव वेगळं आणि जडाव करणाऱ्याचं वेगळं. ती बादली एका व्यापाऱ्यासाठी घडवलेली, म्हणजे या कलेला मान फक्त दरबारातच होता असंही नाही. तुम्ही म्हणाल, ‘अल-मौसिली’, म्हणजे मोसुलचा, हा नुसता गावाचा शिक्का. पण दमास्कस, कैरोत बसून काम करणारेही तो लावत राहिले. धातूच्या वजनावरच किंमत ठरत असती, तर गावाचं नाव मिरवून काय मिळालं असतं?

आईला सांगा, स्वेटर दोन घालतो. उद्या पॅरिस. लूव्रमध्ये मुहम्मद इब्न अल-झैन या कारागिराचं असंच जडावाचं मोठं पात्र आहे. त्यावर त्याने सहा वेळा सही केलीय, एकदा काठावर आणि पाच वेळा चित्रांच्या आतच. ते पाहून लिहितो.