तिसऱ्या बेसवरचा पहारा

काही कौशल्ये अशी असतात की ती वापरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. परंतु ऐन वेळी ती फसली, तर हातचे होते तेही जाते. अशा कौशल्याच्या तालमीत वेळ खर्चावा काय, हा प्रश्न अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात मोठा मौजेचा होऊन बसला आहे.

आमच्यासारख्या क्रिकेटवर पोसलेल्यांना एक उदाहरण पुरेल. १९४७ साली सिडनी येथे, चेंडू सुटण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला विनू मंकड यांनी धावचीत केले, तेव्हा केवढा गहजब झाला! बेसबॉलमध्ये मात्र बेस सोडून पुढे सरकलेल्या धावपटूवर चेंडू फेकविणे हे पिचरचे नित्यकर्मच होय. पहिल्या बेसवर ते सर्रास चालते. वाद आहे तो तिसऱ्या बेसविषयी.

विरोधकांचा पक्ष दुबळा नाही. तिसऱ्या बेसवरून घर अवघे ९० फूट. फेक चुकून चेंडू मैदानाच्या डाव्या कोपऱ्याकडे घरंगळला, की जी धाव रोखावयाची तीच आपल्या हाताने बहाल केली. नियमही प्रतिकूल होत गेले. तेथील मुख्य लीगमध्ये फळीवर पाय ठेवून तिसऱ्या बेसकडे नुसती हूल देण्यास २०१३ पासून मनाई झाली. २०२३ पासून तर एका फलंदाजाच्या पाळीत पिचरच्या अशा दोन अडवणुकी झाल्यावर तिसरी फसली, की धावपटूला पुढचा बेस मिळतो. आणि तिसऱ्याच्या पुढचा बेस म्हणजे घरच!

तरीही तालीम सोडून द्यावी, हे आम्हांस पटत नाही. ज्याच्यावर कोणाची नजर नाही, तो धावपटू स्वस्थ राहत नाही. टाय कॉबने आपल्या कारकीर्दीत ५४ वेळा घर चोरले. १९५५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात व्हायटी फोर्ड चेंडू टाकीत असता जॅकी रॉबिन्सनने तिसऱ्या बेसवरून धाव घेऊन घर गाठले. पंचाने तो नाबाद ठरविला. कॅचर योगी बेरा मात्र तो बादच होता, असे शेवटपर्यंत सांगत राहिला.

शिवाय प्रसंग आपली परवानगी विचारून येत नाही. ठरलेला बंट फलंदाजाकडून हुकतो, धावपटू अर्ध्या वाटेत अडकतो, आणि चेंडू कॅचरच्या हाती असतो. तेथे न फेकून भागत नाही. उजव्या हाताचा फलंदाज नेमका फेकीच्या वाटेवर उभा असतो. त्याला टाळून फेक कशी काढावी, तिसऱ्या बेसवाल्याने बेसवर केव्हा पोहोचावे, आणि डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाने पाठराखणीस कसे धावावे, हे सारे सवयीनेच साधते.

म्हणून तालीम थोडी असावी, पण असावी. तिच्यात बाद करण्याइतकेच महत्त्व पाठराखणीला द्यावे, आणि त्याहून अधिक चेंडू न फेकण्याच्या संयमाला. धावपटू दोन पावले मागे सरला तरी पहाऱ्याचे चीज झाले.

शाळेच्या संघांत तर हे अधिकच अगत्याचे. कधीच न शिकविलेली फेक अटीतटीच्या क्षणी एखाद्या पोराला करावी लागते, ती चुकते, आणि पराभवाचे खापर त्याच्या माथी फुटते. आमच्या मते ते खापर तालमीतली दहा मिनिटे वाचविणाऱ्या शिक्षकाचे असते.