शटरवरची नोटीस

टॉम टिकवरचा 'द इंटरनॅशनल' (२००९) तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी गोळीबार पुढे पळवला. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममधला, तो गाजलेला. फ्रँक लॉइड राइटच्या त्या शंखासारख्या चढत जाणाऱ्या पांढऱ्या वास्तूत असला धुडगूस कोण घालू देणार? म्हणून जर्मनीत तिची प्रतिकृती उभारली आणि मग तिचीच चाळण केली. बघायला मजा येते, नाही असं नाही. पण मला पोचायचं असतं मिलानला.

तिथे काल्विनी नावाचा शस्त्रांचा कारखानदार एका बँकेच्या मागावर असलेल्या इंटरपोलच्या सॅलिंजरला घाईघाईत समजावतो, की ती बँक क्षेपणास्त्रांच्या सौद्यात उतरली आहे ती नफ्यासाठी नाही. युद्ध कोण जिंकतं याच्याशीही तिला देणंघेणं नाही. तिला हवंय त्यातून उभं राहणारं कर्ज. देणेकरी मुठीत आला की सगळं आलं. एवढं बोलून तो भाषणाला जातो आणि मंचावरच गोळी लागून कोसळतो.

ही पडद्यावरची बँक सुचली बीसीसीआयवरून. आपल्याला ही अक्षरं ऐकली की वानखेडे आठवतं. ही वेगळी, बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल. आगा हसन अबेदींनी १९७२ मध्ये काढलेली. नोंदणी लक्झेम्बर्गला, दुसरं बिऱ्हाड केमन बेटांवर, कारभार लंडनहून, शाखा सत्तरेक देशांत. एक आपल्या मुंबईतही. सगळ्या वह्या एकत्र उघडून बघणारा मात्र कुठेच कुणी नव्हता. ५ जुलै १९९१ ला ती बंद पाडली, तेव्हा खोटी कर्जं आणि दडवलेला तोटा बाहेर आला.

सिनेमातली बँक बंद पडत नाही. इस्तंबूलच्या छपरांवर सॅलिंजर बँकेच्या प्रमुखाला गाठतो, पण गोळी सुटते दुसऱ्याच कुणाच्या पिस्तुलातून. मग श्रेयनामावलीसोबत वर्तमानपत्रांचे मथळे सरकतात: बँकेचं बरं चाललंय. पहिल्यांदा मला ही फसवणूक वाटली होती. दोन तास पळवलंत ते यासाठी?

पण नेम धरायचा तरी कुणावर?

आमच्या गावातल्या सहकारी बँकेचं शटर एका सकाळी अर्धंच उघडलं. वर इंग्रजीत नोटीस, चिकटवलेली खळ अजून ओली. सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील. रांगेतल्यांनी शिव्या घातल्या त्या कॅशियरला. संचालकांपैकी कुणी तिथे नव्हतंच. कॅशियरचीही ठेव आतच अडकलेली. तो बिचारा पाण्याचा माठ बाहेर आणून ठेवत होता.

वडिलांचा नंबर आला. प्लॅस्टिकच्या कव्हरातून पासबुक काढून त्यांनी पुढे केलं.

"अहो, एंट्री तरी मारून द्या."

त्याने मारून दिली. व्याजासकट.