थिंकपॅड एक्स२३० वर कोरबूट

इंटेलच्या प्रोसेसरला वीज मिळते त्या क्षणी लॅपटॉपमधली रॅम निरुपयोगी असते. ती स्लॉटमध्ये बसवलेली असली, तरी तिच्याशी देवाणघेवाण करण्याच्या वेळा अजून जुळलेल्या नसतात. प्रोसेसर पहिली सूचना ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावरून उचलतो. तो पत्ता मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये पोचतो. तिथला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, बिघडला तर पडद्यावर त्रुटीचा संदेशही येत नाही. संदेश दाखवणारा प्रोग्रॅम त्याच चिपमध्ये असतो ना!

हा फर्मवेअर बहुधा उत्पादकाचा आणि बंदिस्त असतो. कोरबूट हा त्याला खुला पर्याय. अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी तो १९९९ मध्ये लिनक्सबायोस या नावाने सुरू केला. आजचे नाव २००८ मधले. प्रस्तुत लेखकाने तो थिंकपॅड एक्स२३० या जुन्या लॅपटॉपवर बसवून पाहिला.

या लॅपटॉपमध्ये दोन फ्लॅश चिप्स असतात. ८ एमबीच्या चिपमध्ये इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिन या स्वतंत्र नियंत्रकाचा भाग आणि नेटवर्कचा मॅक पत्ता, तर ४ एमबीच्या चिपमध्ये ती पहिली सूचना. मूळ फर्मवेअरने लिहिण्याला कुलूप लावलेले असल्यामुळे बॅटरी काढून, कीबोर्ड आणि पामरेस्ट उचलून, चिपवर क्लिप लावली आणि रास्पबेरी पाय जोडला.

वरवर हे काम लिहिण्याचे, पण खरा वेळ वाचण्यात जातो. ३.३ व्होल्टचा पुरवठा चिपपुरता राहत नाही, बोर्डावरच्या इतर भागांतही झिरपतो. क्लिप किंचित सरकली की फ्लॅशरॉम या चिप वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रॅमला चिप ओळखू येत नाही. किंवा ओळखू येते आणि मधलेच काही बाइट चुकतात, जे जास्त वाईट. म्हणून प्रत्येक चिप पुन्हा पुन्हा वाचून चेकसम ताडले, आणि ते जुळेपर्यंत वाचण्याचा वेग उतरवत नेला. मूळ प्रत खात्रीची नसेल तर माघारी फिरता येत नाही. इथे चेंगटपणा परवडतो.

कोरबूट लिहून बटण दाबले, तेव्हा पडदा बराच वेळ काळा होता. हा वेळ रॅम जुळवण्याचा. कोरबूटचा पहिला टप्पा, बूटब्लॉक, प्रोसेसरच्या कॅशेलाच तात्पुरती रॅम करून देतो आणि तेवढ्याशा जागेत रोमस्टेज हा पुढचा टप्पा डीडीआर३ मॉड्यूलच्या वेळा ठरवतो. मिळालेली मापे फ्लॅशमध्ये साठवली जातात, त्यामुळे पुढच्या खेपेला यंत्र झटपट उठले. मग रॅमस्टेज हा टप्पा पीसीआय उपकरणे शोधून मांडतो आणि पेलोडला, म्हणजे पुढे चालणाऱ्या प्रोग्रॅमला, ताबा देतो. येथे पेलोड सीबायोस होता. जुन्या बायोसचे सोंग घेऊन तो डिस्कचा ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर रॅममध्ये आणतो. तिथून ग्रब हा बूटलोडर, आणि ग्रबकडून लिनक्स. कोरबूटचे मागे उरते ते इतकेच: लिनक्सला बॅटरी आणि झाकणाची माहिती देणारी एसीपीआयची कोष्टके, आणि सिस्टिम मॅनेजमेंट मोडमधला थोडासा कोड.