नारू गेला, जंत राहिले

गेल्या १० फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, हिंजवडीत बातमीसाठी फिरत होतो. शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या पोरांना अल्बेंडाझोलची गोळी देतात, २०१५ पासून. काम चांगलंय, आधीच सांगतो.

फेज थ्रीच्या मागे बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथल्या एका बाईला विचारलं, पोराला गोळी दिली का? म्हणाली, "मागच्या साईटवर दिली की भाऊ. पुन्हा झालेच." पोरगं चारेक वर्षांचं, अनवाणी, पोट पुढं आलेलं. संडास कुठंय विचारलं, तर तिनं मागच्या मोकळ्या प्लॉटकडं हात केला.

पुन्हा होणारच. अंकुशकृमीची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, ओलाव्यात अळ्या होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग आतड्याला चिकटून रक्त पितात. पोर पांढरं पडतं, आपण म्हणतो खात नाही नीट. गोळी पोटातले जंत मारते, प्लॉटवरच्या मातीला कोण गोळी देणार?

माझ्या आजोबांच्या पायातून नारू निघाला होता. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटला की पाय भप्प सुजायचा. नारूवर लस नव्हती, औषधही नव्हतं. बारवेत पाय बुडवून पाणी भरणं बंद केलं, हातपंप आले, पाणी फडक्यानं गाळायची सवय लावली. १९९६ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला, २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. औषध नसलेला रोग घालवला आपण!

योगायोग बघा, बांधकाम कामगारांचा कायदाही १९९६ चाच. साईटवर शौचालय, राहायला तात्पुरती मोफत जागा, ही मालकाची जबाबदारी असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी पाहिलेल्या साईटवर संडास दोन होते, एकाला दार नव्हतं.

आणि आम्ही पत्रकार? दरवर्षी तोच फोटो, पोरगं आ करून गोळी घेतंय, शेजारी पदाधिकारी. मीही छापलाय. साईटवर संडास किती, हे त्या बातमीत मी एकदाही लिहिलं नाही.

ऑगस्टमध्ये गोळ्यांची दुसरी फेरी होती, तेव्हा मुद्दाम गेलो. खोल्या काढलेल्या. वॉचमन म्हणाला, गेले सगळे चाकणकडं, नवीन साईट लागलीय.